स्टेजवर येताना चपला काढ

‘प्रेरणा’ हा शब्द कुणी काढला की अजून माझं डोकं तापतं. शब्दाचा काही दोष नाही. पण बोरिवलीच्या ज्या शाळेत मी मास्तरकीला सुरुवात केली, तिथे महिन्यातल्या एका शनिवारी मुलांना प्रेरणा वाटायचे. आरेच्या केंद्रावर दुधाची बाटली देतात ना, तशी. फरक एवढाच की दुधाच्या बाटलीला झाकण असायचं.

मी तालुक्याच्या गावात शिकलेला. बी.एड. करून नुकताच मुंबईला आलो होतो, शाळेत हंगामी लागलो होतो आणि स्टाफमध्ये सगळ्यात लहान होतो. त्यामुळे पाहुण्यांचं खातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. स्टेशनवर जायचं, पाहुण्याला टांग्यात बसवायचं, हार ओला ठेवायचा, नारळाची शेंडी नीट आहे का बघायचं, माइक खरखरला की त्याला थोपटायचं. सूत्रसंचालनही मीच करायचो. आणि सोमवारी अकरावीच्या वर्गात त्याच पाहुण्याची नक्कल करायचो. हे शेवटचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं.

नक्कल करायला पाहुणे झकास होते, यात वाद नाही. एक बँकेतले साहेब आले, ते प्रत्येक वाक्यानंतर घड्याळ बघायचे, जणू यश साडेअकराच्या गाडीने येणार आहे. एक निवृत्त मामलेदार होते. ‘मी तुमचा फार वेळ घेणार नाही’ असं त्यांनी इतक्यांदा सांगितलं की त्यातच वेळ संपला. गोरेगावच्या स्टुडिओतून एक जण आले तेव्हा पोरं सकाळपासून हवेत होती. पण ते गृहस्थ तिथे हिशेब बघायचे. नट-नट्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, शिस्तीबद्दल मात्र तासभर बोलले. आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला नाही असा पाहुणा मी बघितलाच नाही. हे सगळे खरं बोलत असतील तर तेव्हा मुंबईत दिव्याचा खांब मिळवायला रांग लागत असणार.

आमच्या गावच्या शाळेतही पाहुणे यायचे. फौजदार यायचा, पोस्टमास्तर यायचा, एकदा गुरांचा डॉक्टर आला होता. तेही कंटाळवाणंच बोलायचे. पण ते आम्हाला ओळखायचे. कोणाचा बाप काय करतो, कोणाच्या घरी आज काय शिजलंय, सगळं त्यांना माहीत. त्यामुळे आमच्याबद्दल खोटं बोलायची सोयच नव्हती. बोरिवलीत ती सोय होती. खाडीच्या अलीकडचे लोक पलीकडे गोराईला जायचेच नाहीत. म्हणून पुढचं सगळं झालं.

हेडमास्तरांची एक पद्धत होती. पाहुण्याचं भाषण अर्ध्यावर आलं की एका मुलाला किंवा मुलीला स्टेजवर बोलवायचं. मुलगी असली तर तिचं नाव ‘होतकरू विद्यार्थिनी’. भाषणाआधी ऑफिसात चहा पिताना हेडमास्तर पाहुण्याला तिची माहिती सांगून ठेवायचे. मग पाहुणा तिच्या खांद्यावर हात ठेवून मुलांना म्हणायचा, बघा, ही एवढ्या हालात शिकते आणि तुम्ही. हे ‘आणि तुम्ही’ सगळ्यांचं सारखंच यायचं. मी ते इतकं हुबेहूब करायचो की मागच्या बाकावरची पोरं सोमवारी आधीच माना खाली घालून बसायची.

माझ्या काळात ही होतकरू विद्यार्थिनी म्हणजे गोराईची एक मुलगी. अकरावीत होती, म्हणजे त्या मार्चला एस.एस.सी.ची परीक्षा देणार होती. वर्गात पहिली यायची. रोज सकाळी खाडी ओलांडून होडीने यायची, एवढंच काय ते तिचं वेगळेपण. आणि ती होडी म्हणजे काय, चार बायका टोपल्या घेऊन, दोन म्हातारे विड्या ओढत, आणि ही पुढे बसून इतिहास पाठ करत. मी विचारलं होतं तिला, भीती वाटते का गं पाण्याची. ती म्हणाली, “सर, तुम्हाला रस्त्याची वाटते का?”

हेडमास्तरांना पहिल्यांदा सांगायला होडी पुरली. बँकेच्या साहेबांनी सांगितलं, ही मुलगी होडीने शाळेत येते. मामलेदारांच्या वेळी होडी वादळात सापडली. स्टुडिओवाल्यांच्या वेळेला घरात दिव्याला तेल नव्हतं. दर पाहुण्यागणिक ती मुलगी थोडी थोडी गरीब होत गेली. मी तिथेच, माइकपाशी उभा. मला हसू यायचं, मग राग यायचा, मग पुन्हा माइक खरखरायचा.

खरी गोष्ट अशी की तिच्या बापाची स्वतःची मासेमारीची होडी होती. घर कौलारू, पुढे ओटा, ओट्यासमोर क्रूस, मागे नारळ. तिच्या डब्याचा वास स्टाफरूमपर्यंत यायचा आणि खाणावळीच्या पाणीदार आमटीवर जगणारा मी तो वास घेत वह्या तपासायचो. बापाने दर महिन्याला हेडमास्तरांच्या घरी मासे पाठवायचा नेम ठेवला होता. मुलीचे मास्तर, म्हणून. मोठ्ठी पापलेटं, केळीच्या पानात बांधून. हे मला ठाऊक आहे कारण ती पुडी ऑफिसातून हेडमास्तरांच्या टांग्यात ठेवायचं कामही माझंच होतं. ज्या घरातून ह्यांच्या घरी पापलेट जात होतं, त्या घरातला दिवा ह्यांनी विझवला. आता सांगा, कोणाला राग येणार नाही?

आणि चपला. शाळा सुरू होताना बापाने तिला नव्या चपला घेतल्या होत्या, बक्कलवाल्या. पायरीवर ती आली की हेडमास्तर हळूच म्हणायचे, “स्टेजवर येताना चपला काढ.”

पहिल्यांदा तिने विचारलं, “सर, सरस्वतीचा फोटो आहे म्हणून?”

“हो.”

“मग बाकीचे?”

स्टेजवर पाहुण्याचे बूट होते, हेडमास्तरांचे बूट होते, माझेही होते, भोक पडलेले का होईना. हेडमास्तर म्हणाले, “तू ये गं लवकर.” ती चपला पडद्यामागे ठेवून अनवाणी आली. मुलांनी तिचे पाय बघितले. त्यासाठीच तर तो सगळा खटाटोप होता.

जानेवारीत हेडमास्तरांनी मोठा बेत केला. पाहुणे एका कंपनीतले बडे अधिकारी, आणि या वेळी पालकांनाही आमंत्रण. त्याची चिठ्ठी वर्गावर्गात मीच वाचली. गोराईच्या मुलीने ती ऐकून माझ्याकडे बघितलं. घरी तिने चिठ्ठी दिली की नाही हे मला कळलं ते थेट शनिवारी, जेव्हा तिसऱ्या रांगेत तिचे आईबाप येऊन बसले. बापाने लग्नातला कोट घातला होता. खांद्यात तो जरा आवळत होता, पण इस्त्री कडक. आईने गर्द तांबडं लुगडं नेसलेलं, कानात सोनं, गळ्यात सोनं. आजूबाजूच्या बायका वळून वळून बघत होत्या. मुलगी स्टेजवर उभी राहणार हे त्यांना ठाऊक होतं. कशासाठी उभी राहणार हे ठाऊक नव्हतं. पहिल्या नंबरासाठीच, असं ते समजून आले होते. दुसरं कशासाठी असणार?

मी हेडमास्तरांजवळ गेलो. म्हटलं, “सर, आज तिला बोलावू नका. तिचे आईवडील आलेत.”

“मग चांगलंच आहे की. त्यांनाही बरं वाटेल.”

ते मनापासून म्हणाले, हे मला सांगायलाच हवं. त्यांना खरंच वाटत होतं की बरं वाटेल. मला त्यांचा जास्त राग येतो तो यामुळेच.

साहेबांचं भाषण दिव्याच्या खांबापाशी पोचलं आणि मुलीला बोलावलं गेलं. चपला पडद्यामागे, पाय अनवाणी. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. आधी होडी आली, मग वादळ, मग तेल नसलेला दिवा. मला वाटलं, संपलं. पण साहेब रंगात आले होते. ते म्हणाले, “या मुलीच्या आईच्या अंगावर फुटका मणीसुद्धा नसेल. कित्येक रात्री ही मुलगी उपाशी झोपते. आणि तुम्ही.”

तिसऱ्या रांगेकडे आधी बायकांनी बघितलं, मग पुरुषांनी. सोनं उन्हात चकाकत होतं. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. ते हसू साहेबांवर नव्हतं, तिच्या आईवर होतं, की सोनं घालून बसली आहे आणि पोरीला उपाशी ठेवते.

साहेबांनी गणवेशाच्या कापडाचा एक गठ्ठा मुलीच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असताना तिचा बाप उठला. मला वाटलं आता काहीतरी होणार, मी माइक घट्ट धरला. तो सरळ पायऱ्या चढून पडद्यामागे गेला, चपला हातात घेऊन आला, सगळ्यांसमोर वाकला आणि मुलीच्या पायाशी ठेवल्या.

“घाल,” तो म्हणाला.

तिने घातल्या. बक्कल लावायला वेळ लागला. तोवर बाप तिथेच उभा. बापाने कापडाचा गठ्ठा तिच्या हातून घेऊन साहेबांच्या खुर्चीवर ठेवला. साहेब उभे होते म्हणून बरं.

“चल,” तो म्हणाला, आणि तिघं निघून गेली.

हेडमास्तर माइकवर आले आणि म्हणाले, “आता आभारप्रदर्शन.” ते मला करायचं होतं. मी कोणाचे आभार मानले ते आठवत नाही.

सोमवारी मुलगी आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. एस.एस.सी.चा फॉर्म शाळेमार्फत गेलेला, पूर्वपरीक्षा तोंडावर, आणि पूर्वपरीक्षेला न बसलेल्या मुलाला आमची शाळा बोर्डाच्या परीक्षेला बसू द्यायची नाही. म्हणजे वर्गातली पहिली मुलगी घरी बसणार, का, तर तिला पाहून इतरांना स्फूर्ती यावी म्हणून.

मी शनिवारी शाळा सुटल्यावर खाडीवर गेलो आणि होडीत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. वादळ नव्हतं. एका बाईने बोंबलाची टोपली सरकवून माझ्यासाठी जागा केली आणि विचारलं, मास्तर का, म्हणून. बूट बघूनच ओळखलं म्हणाली.

तिचा बाप ओट्यावर जाळं विणत बसला होता. मला बघून उठला, आत बसवलं, पण चेहरा तसाच.

“मास्तर,” तो म्हणाला, “आमचे घरान कोन उपाशी निजला, तेवढं मना सांगा.”

मी म्हटलं, “कोणी नाही.”

“मंग तो कोटवाला का बोलला?”

“त्याला हेडमास्तरांनी सांगितलं.”

“त्यांना कोनी सांगला? आमी तर मासे पाठवतो.”

आतून आईने ताटं वाढली. भात, कालवण, तळलेली मांदेली. उपाशी झोपणाऱ्या त्या घरात मी इतकं जेवलो की उठताना भिंतीला हात लावावा लागला. जेवताना बापाने सांगितलं, पोरगी शाळेत येईल, पण ज्याने हे खोटं सांगितलं त्याने ते परत घ्यायचं. त्याच स्टेजवरून, त्याच माइकवरून, माणसं बसलेली असताना. “पंचवीस माणसांत इज्जत गेली, ती कोपऱ्यात परत नाय घेत मी.”

मुलगी मला होडीपर्यंत सोडायला आली. चपला घातल्या होत्या. मी वातावरण हलकं करायला साहेबांचं ‘आणि तुम्ही’ करून दाखवलं. ती हसली नाही.

“सर, तुम्ही सगळ्यांच्या नकला करता,” ती म्हणाली. “पण माणूस निघून गेल्यावर.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. होडी सुटेल, बसा.”

परत येताना होडीत मी फक्त तिच्या त्या एका वाक्याचा विचार केला.

आता हेडमास्तरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्याच पावसाळ्यात एकदा पाहुण्याला सोडून आम्ही दोघं टांग्यातून परत येत होतो. त्या दिवशी ते खुशीत होते आणि खुशीत असले की मालवणीत शिरायचे. म्हणाले, “माझो बापूस गिरणीत होतो. आवस खानावळ चालवी. शाळेक जाण्याआधी मी गिरणीच्या दारावर डबे पोचवी.” मग एकदम सावरून बसले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, “हे स्टाफरूममध्ये नको.” मी ते कधीच कुठे बोललो नाही. नकलेतसुद्धा नाही.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी त्यांच्या ऑफिसात गेलो. बापाचं म्हणणं सांगितलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“असं कसं करता येईल? शाळेची काही प्रतिष्ठा आहे. आणि आपण तिचं कौतुकच केलं ना? वाईट काय बोललो?”

“सर, ते खोटं होतं.”

“तपशिलात थोडं इकडेतिकडे होतं. मुलांना स्फूर्ती मिळावी म्हणून. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कळेल पुढे.”

मी दार लोटून बंद केलं आणि म्हटलं, “मग पुढच्या कार्यक्रमात मी एक खरी गोष्ट सांगू का? जास्त स्फूर्ती मिळेल.” आणि मी त्यांच्याच आवाजात सुरुवात केली. तोच खालचा सूर, तोच शब्दाशब्दाला दम, तोच हात हवेत. त्यांची नक्कल मी खूपदा केली होती, पण त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. “विद्यार्थी मित्रहो, हा बघा आपल्यासमोर उभा असलेला गृहस्थ. गिरणीकामगाराचा मुलगा. आई दुसऱ्यांची उष्टी ताटं घासायची. हा पोरगा अनवाणी, गिरणीच्या दारावर डबे घेऊन.”

“आई ताटं नव्हती घासत,” हेडमास्तर म्हणाले.

“तपशिलात थोडं इकडेतिकडे,” मी त्यांच्याच आवाजात म्हणालो. “सर, चपला काढा. स्टेजवर यायचंय.”

कोणी हसलं नाही. तिथे होतो आम्ही दोघंच. नक्कल संपल्यावर हसू आलं नाही असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. हेडमास्तर लाल झाले होते. म्हणाले, “ते खासगी आहे.”

“तिचंही खासगीच होतं सर. आणि तुमचं निदान खरं आहे.”

त्यांनी चष्मा घातला. “तुमची नेमणूक मार्चअखेरपर्यंत आहे ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि वर्गावर गेलो. वाट लागली हे मला दाराबाहेर पडतानाच कळलं होतं.

पूर्वपरीक्षेआधीच्या शनिवारी पुन्हा कार्यक्रम झाला. पालकांना पुन्हा बोलावलं. ‘गोराईला निरोप द्या’ एवढंच हेडमास्तर मला म्हणाले होते, आणि मी स्वतः होडीने जाऊन सांगून आलो होतो. तिसऱ्या रांगेत तोच कोट, तेच लुगडं, आणि मध्ये मुलगी. पाहुण्याच्या आधी हेडमास्तर माइकवर आले. कागद नव्हता. म्हणाले, “गेल्या कार्यक्रमात आपल्या एका विद्यार्थिनीच्या घराविषयी चुकीची माहिती दिली गेली. ते घर खाऊन-पिऊन सुखी आहे. त्याबद्दल शाळा दिलगीर आहे.”

चुकीची माहिती दिली गेली. कोणी दिली, वाऱ्याने? शाळा दिलगीर आहे. शाळा म्हणजे कोण, बाकं? मला तिथल्या तिथे माइक ओढून घ्यावासा वाटला. पण मी बापाकडे बघितलं. तो मान एका बाजूला कलती करून ऐकत होता, बाजारात मासळी घेणारा भाव सांगतो तेव्हा ऐकतात तसा. मग त्याने मान हलवली. पूर्ण नाही, अर्धी. आईने लुगड्याचा पदर सावरला आणि आजूबाजूच्या बायकांकडे एक नजर टाकली, एकेकीकडे, सावकाश. मागच्या खेपेला हसलेली बाई नेमकी वाकून मुलाच्या बुटाची नाडी बांधायला लागली.

सोमवारी मुलगी वर्गात होती. पूर्वपरीक्षेला बसली, मार्चमध्ये एस.एस.सी.ला बसली, आणि जूनमध्ये शाळेतून पहिली आली. तोवर मी तिथे नव्हतो. माझी नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. कोणी वाढवली नाही ते विचारू नका, आपोआपच वाढली नाही. मी मुलुंडला दुसरी शाळा धरली, तिथे प्रेरणा वर्षातून एकदाच देतात.

शाळेतल्या शिपायाशी माझी ओळख टिकून आहे. मागच्या महिन्यात तो भेटला तेव्हा त्याने सांगितलं, होतकरूची पद्धत परत सुरू झाली आहे. आता आरे कॉलनीच्या एका गोठ्यातला मुलगा आहे. पहिल्या पाहुण्याने सांगितलं की तो म्हशींच्या शेजारी अभ्यास करतो. दुसऱ्याने सांगितलं की तो म्हशींच्या शेजारी झोपतो. माझं डोकं तिथेच, फूटपाथवर तापलं.

आणि शिपाई म्हणाला, हेडमास्तरांनी त्याला गोराईला पाठवलं होतं. गुणवंत माजी विद्यार्थिनी म्हणून तिचा सत्कार करायचाय, तिने मुलांना दोन शब्द सांगावेत, असा निरोप घेऊन. ती आता कॉलेजात आहे. ओट्यावर अभ्यास करत बसली होती.

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, येईन की. सरांना एक विचारून या फक्त, चपला घालून आलेलं चालेल का.”

“मग?”

“सांगितलं मी सरांना. ते अजून काही बोलले नाहीत.”